आमच्या घराण्यात कुणालाच हार्टचं नाही (असं मी फॉर्मवर लिहून दिलं)

उंबरठा

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, एवढा मोठा धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

वसुबारसेच्या रात्री दादाला (वय ४६) ॲटॅक आला. दादा म्हणजे आमच्यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस, सुपारीचं खांड तोंडात नाही, वजन ६४ किलो, रोज पहाटे पर्वती चढणारा. आकाशकंदील लावायला स्टुलावर चढला, खाली उतरला आणि म्हणाला डावा खांदा भरून आलाय, जरा बाम चोळ. बाम चोळून काही होईना आणि घाम एवढा की बनियन पिळून निघावं, तेव्हा वहिनीने कुणाचं न ऐकता गाडी काढली. एक नळी पूर्ण बंद होती. स्टेंट टाकला, आता घरी आहे, बरा आहे.

ॲडमिट करताना फॉर्म मी भरला. त्यात कुटुंबात कुणाला हृदयविकार आहे का असा रकाना होता, मी बिनदिक्कत 'नाही'वर खूण केली. खोटं नव्हतो बोलत हो. आमचे आजोबा ८८ला गेले, चुलत आजोबा ९१ला, बाबा ७६चे आहेत आणि अजून स्कूटर चालवतात, आम्हालाच भीती वाटते. आमच्याकडे माणसं आजाराने जात नाहीत, कंटाळून जातात असं आम्ही पाहुण्यांना ऐटीत सांगायचो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडवरून बाहेर आले, बाकावर आई बसलेली. त्यांनी सहज विचारलं, आजी, तुमच्या माहेरी कुणाला हार्टचं? आई म्हणाली, "छे, तसलं कुणालाच नाही. वडील झोपेत गेले, बावन्नचे होते. भाऊ उसाला पाणी धरताना गेला, चव्वेचाळीसचा. पण ते हार्टनं नाही, ते अचानक गेले."

डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी आयुष्यात एवढा ओशाळलो नव्हतो. मामा गेला तेव्हा मी नववीत होतो, त्याला खांदा दिलेल्या माणसांत मी होतो, आणि फॉर्म भरताना तो मला आठवलासुद्धा नाही. का, तर घराणं म्हटलं की डोक्यात फक्त बापाकडचं येतं. आडनाव, कुलदैवत, शेत सगळं तिकडचं. रक्तातलं अर्धं सामान आजोळाहून येतं हे दहावीला शिकलेलो पण ते पेपरात लिहिण्यापुरतं.

मग त्यांनी लायपोप्रोटीन ए नावाची टेस्ट करायला लावली. दादाचं साधं कोलेस्टेरॉल तसं बरं होतं, एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १२८, लॅबच्या कागदावर ठळक अक्षरातसुद्धा नव्हतं. पण हे लायपोप्रोटीन ए ११८ निघालं, ५०च्या वर गेलं की जास्त धरतात म्हणे. मग घरातल्या सगळ्यांचं केलं. आई १२४, मी ९७, ताई ११. बाबा ९, ते अजून सगळ्यांना सांगत फिरतायत.

आईने तिचा रिपोर्ट घडी घालून देवघरात ठेवलाय आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

तर विचारायचंय हे की यात रक्तातलं किती आणि आपल्या हाताने केलेलं किती? रक्तातलंच असेल तर दादाने वीस वर्षं पर्वती चढून काय मिळवलं? आणि तुमच्यापैकी कुणी आजोळाकडचं कधी विचारलंय का?

माणदेशी

दादांना लवकर आराम पडो. बाकी आमचे आजोबा आठवड्यातनं तीनदा मटण खायचे, वर तांब्याभर ताक, ९२ वर्षं जगले. डॉक्टर लोकांना आमच्या आजोबांची केस दाखवायला पाहिजे.

सायलेंट_वाचक

जागा धरून ठेवतोय, घरी गेल्यावर सविस्तर लिहितो.

(सायलेंट_वाचक नंतर काही लिहीत नाही हे सगळ्यांना माहितीये, पण तरी)

ओपीडीवाला

तालुक्याच्या गावात वीस वर्षं दवाखाना चालवतोय, एमडी मेडिसिन, हार्टस्पेशालिस्ट नाही, तेव्हा तेवढ्या हिशोबाने वाचा. रात्रीचे साडेअकरा झालेत त्यामुळे विस्कळीत होईल.

उंबरठा, तुमच्या आईचं 'ते हार्टनं नाही, अचानक गेले' हे वाक्य मी महिन्यातनं दहादा ऐकतो. झोपेत गेला, अपचनाने गेला, मोटर चालू करायला गेला आणि विहिरीपाशीच बसला, एकाने तर 'बाहेरचं लागलं' सांगितलं. पोस्टमॉर्टेम कुणी करत नाही. म्हणून मी हल्ली हार्ट हा शब्दच काढत नाही, विचारतो की घरातलं कुणी पन्नाशीच्या आत-बाहेर अचानक गेलंय का, आणि हे दोन्हीकडचं विचारतो. पुस्तकातला नियम असा की वडील किंवा सख्खा भाऊ ५५च्या आत, आई किंवा सख्खी बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडले असतील तर तो कौटुंबिक धोका धरायचा. आजोबा आणि मामा या नियमात थेट बसत नाहीत पण दोघं असे गेले म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर कान टवकारणार.

आता लायपोप्रोटीन ए. हे म्हणजे एलडीएलच्याच कणाला आणखी एक प्रथिनाची शेपटी चिकटलेली. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलं, म्हणजे नवीन काही नाही, आपल्याकडे तपासायला मात्र आत्ता आत्ता लागलेत. याची रक्तातली पातळी बहुतेक सगळी जनुकावर ठरते, तुम्ही कारलं खा नाहीतर श्रीखंड, आकड्यात फारसा फरक पडत नाही. तो जनुक सहाव्या गुणसूत्रावर, एक प्रत आईकडून एक बापाकडून. तुमच्या आईची एक प्रत जोरदार दिसतेय, ती प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता निम्मी. तुम्हा दोघा भावांना छापा पडला, ताईंना काटा. आईंना हे नीट समजावून सांगा, त्यांनी काही केलेलं नाही, त्यांच्याही हातात नाणं नव्हतं. जगात साधारण पाचात एकाला हे वाढलेलं असतं, आपल्या भारतीय उपखंडात प्रमाण जरा जास्तच. टेस्ट आयुष्यात एकदा केली की बहुधा पुरते.

पण आकडा वाढलेला असणं म्हणजे ॲटॅक नव्हे. आईंचा आकडा घरात सगळ्यात वर आणि त्या सत्तरीच्या घरात बाकावर बसून डॉक्टरांना उत्तरं देतायत, मामा ४४ला गेले. मामा विडी ओढायचे का? एवढं सांगा, मग पुढचं लिहितो.

उंबरठा

डॉक्टर, दिवसाला दोन बंडलं. आणि रात्री तंबाखूचा बार लावूनच झोपायचा.

ओपीडीवाला

वाटलंच होतं.

२००४ साली इंटरहार्ट म्हणून ५२ देशांतला मोठा अभ्यास आला होता, पहिला ॲटॅक आलेली माणसं विरुद्ध तशीच निरोगी माणसं. विडी-सिगारेट, बिघडलेली चरबी, बीपी, शुगर, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, हालचाल नसणं, दारू घेण्या-न घेण्याची सवय, या ९ गोष्टींत पुरुषांमधला ९० टक्के धोका बसला आणि बायकांमधला ९४. याचा अर्थ जनुक बिनकामाचे असा घेऊ नका, बीपी, शुगर, चरबी या गोष्टीसुद्धा अर्ध्यामुर्ध्या रक्तातूनच येतात. आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक साधारण ५३व्या वर्षी, बाकी जगात जवळपास ५९व्या. तेव्हा आपली गाडी सहा वर्षं आधी सुटते.

तुमचा मूळ प्रश्न, दादांनी पर्वती चढून काय मिळवलं? २०१६ मध्ये ५५ हजारांवर लोकांचा एक अभ्यास झाला, त्यात जनुकांवरून सगळ्यात जास्त धोका असलेला गट वेगळा काढला. त्या गटातसुद्धा जे सिगारेट ओढत नव्हते, जाडे नव्हते, व्यायाम करत होते, बरं खात होते त्यांचा धोका बेशिस्त लोकांपेक्षा निम्म्याच्या आसपास निघाला. मामा ४४ला गेले, दादांना ४६ला आला आणि ते वाचले. पर्वती न चढते तर काय झालं असतं हे मला कुणी सिद्ध करून दाखवू शकणार नाही, पण डॉक्टर म्हणून विचाराल तर ते चालणं वाया गेलेलं नाही.

माणदेशी

माझ्या आजोबांबद्दल कुणीच काही बोलेना 😀

ओपीडीवाला

माणदेशी, आजोबा दिवसाला किती चालायचे? आणि मटण आठवड्यातनं तीनदा म्हणजे सोळा माणसांत एक किलो ना? खरं सांगा.

माणदेशी

मेंढरं होती राव आमची, चालण्याचा हिशोब कसला, दिवाळीनंतर निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. आणि हो, वाट्याला दोन फोडी अन् रस्सा यायचा. मी तेच मटण दर रविवारी एकटा अर्धा किलो खातो आणि बाकी सहा दिवस खुर्चीत असतो. गप बसतो आता.

चकलीची_भाजणी

उंबरठा, तुमचं वाचून माझ्या सासूबाईंचं लिहावंसं वाटलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या तेव्हा ६१. दुपारी चारला म्हणाल्या जबडा दुखतोय, दाढ असेल, मग पाठीत मधोमध अवघडल्यासारखं, मग मळमळ. मी ओवा-काळं मीठ दिलं, हिंग पोटाला लावला. (मीच दिलं, दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही.) संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथे ईसीजी न काढता ॲसिडिटीची गोळी आणि 'बाईमाणसाला या वयात असं होतं' ऐकून परत आलो. रात्री अकराला त्या जिना चढता चढता खाली बसल्या. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत पहिल्या दुखण्याला सात तास होऊन गेले होते. वाचल्या पण हार्टची ताकद निम्मी राहिली, आता भाजी निवडायलासुद्धा बसून लागतं.

सासूबाईंना शुगर होती, आणि शुगरवाल्यांना छातीत दुखतंच असं नाही हे मला नंतर कळलं. बायकांना तर छाती सोडून बाकी सगळीकडे दुखू शकतं.

आता वारशाचं. त्यांच्या आईला, मावशीला, दोन बहिणींना सगळ्यांना हार्टचं, मीपण हेच म्हणायचे की घराण्यातच आहे. पण ह्या सगळ्याजणींमध्ये अजून एक गोष्ट होती, मशेरी! ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, मग हाताने चुरून डबीत. भाजताना असा ठसका लागतो की शेजारच्या घरातले पण खोकतात, पोरांना अंगणात पिटाळायचं. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दुपारी जेवल्यावर, रात्री झोपताना, मध्ये डोकं दुखलं तर. सासूबाई दिवसातनं पाच वेळा लावायच्या आणि डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं की 'नाही' म्हणायच्या! त्यांच्या मते त्या खातच नव्हत्या, लावत होत्या. डबी आईकडून लेकीकडे आली होती, पितळेची, झाकणावर मोर. ही डबी आणि आजार एकाच वाटेने उतरत आले तर मी कशाला रक्ताला दोष देऊ?

ओपीडीवाला

भाजणीताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून दवाखान्यात लावावासा वाटतोय. चघळायच्या तंबाखूनेही ॲटॅकचा धोका जवळपास दुपटीने वाढतो असं इंटरहार्टमध्येच दिसलं होतं. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं, धूर नाही म्हणून सूट नाही. मी हल्ली मशेरी, तपकीर, गुल, मावा अशी नावं घेऊन विचारतो, तंबाखू म्हटलं की सगळे निर्व्यसनी.

बायकांसाठी अजून एक, जे बाळंतपणाच्या फाईलमध्येच बंद होऊन जातं. गरोदरपणात बीपी खूप वाढलं असेल, झटके यायची वेळ आली असेल किंवा शुगर निघाली असेल आणि बाळंतपणानंतर 'सगळं नॉर्मल झालं' म्हणून सोडून दिलं असेल, तर पुढे हार्टचा धोका जास्त असतो. दरवर्षी बीपी-शुगर बघत राहायचं.

चकलीची_भाजणी

मला दुसऱ्या वेळी बीपी १६०ला गेलं होतं सातव्या महिन्यात. धाकटा आता नववीत आहे, एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. उद्याच मोजते.

निवृत्त_नाना

सर्व चर्चा वाचली. माझे वय ७१. कोलेस्टेरॉल हा कंपन्यांनी गोळ्या खपवण्यासाठी उभा केलेला बागुलबुवा आहे हे माझे ठाम मत. पूर्वी लोक तूप खात, ॲटॅक नव्हते. मी गेली सहा वर्षे रोज सकाळी दुधीचा रस, त्यात लसूण, आले, तुळस घेतो. ठणठणीत आहे. तरुणांनी नैसर्गिक मार्ग धरावा, रसायनांच्या मागे लागू नये.

ओपीडीवाला

नाना, नमस्कार. दोनच गोष्टी सांगतो, राग मानू नका. दुधी कडू लागला तर एक घोटसुद्धा घेऊ नका, त्यातल्या विषाने उलटीतून रक्त पडून माणसं गेलेली आहेत आपल्या देशात. रोज सकाळी आधी फोड जिभेला लावून बघायची.

दुसरं, नैसर्गिकच पाहिजे तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, बुरशीतूनच निघालं. १९७० च्या दशकात जपानमध्ये अकिरा एंडो हजारो बुरश्या तपासत बसले होते, त्यात पेनिसिलियमच्या एका जातीत, लिंबा-संत्र्यावर निळसर बुरा येतो त्याच गोत्रातली, पहिलं स्टॅटिन सापडलं. आणि कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर ब्राऊन आणि गोल्डस्टाईन या जोडीला १९८५चं नोबेल मिळालं ते एलडीएल रक्तातून उचलणारी यकृतावरची खुंटी शोधल्याबद्दल. ती खुंटी जन्मतः कमी असलेल्या माणसांना दुसरं कुठलंच कारण नसताना तिशी-चाळिशीत ॲटॅक येतात. बागुलबुवा असा आडनावं बघून येत नाही.

निवृत्त_नाना

कडू दुधीचे ठाऊक नव्हते. बाकी मतावर ठाम आहे.

(पत्नी बीपीची गोळी देतेच, ती घेतो. तेवढे रसायन चालते.)

पंचगंगा

डॉक्टर आत्ता खुंटी म्हणाले त्यावरनं लिहायलाच पाहिजे.

आमच्याकडं हेळवी येतो, लहानपणी बैलावर बसून यायचा आता मोटरसायकलवर येतो, आणि घराण्याची नावं म्हणून दाखवतो, बारा-चौदा पिढ्या न अडखळता. मला लहानपणी लई भारी वाटायचं. पण उंबरठांनी लिहिलंय ते खरंय, आमच्या त्या चोपडीत एक पण बाई नाही. एवढी पोरं काय आभाळातनं पडली का.

तर आमच्या भावकीत मामाची पोरगी करायची पद्धत, माझ्या चुलतभावानं पण सख्ख्या मामाचीच केली. त्यांचा थोरला सहा-सात वर्षांचा असताना टाचेच्या मागच्या शिरेवर दोन्ही पायाला गाठी आल्या, पिवळट, हरभऱ्याएवढ्या. सगळे म्हणायचे बूट चावत असतील. शाळेचे बूट तीनदा बदलले. मग कोपरावर आल्या, ढोपरावर आल्या. कातडीच्या डॉक्टरांनी एका मिनिटात ओळखलं आणि रक्त तपासायला लावलं तर कोलेस्टेरॉल ६४०! पहिल्यांदा आम्हाला वाटलं लॅबचं चुकलंय, एवढ्याशा पोराला, ते पण भाकरी-भाजी खाणाऱ्या. परत केलं तर ६२५.

मग आई-बापाचं तपासलं तर दोघांचं एलडीएल २२०च्या वर. दोघं धडधाकट, दोघांना पत्ता नाही. मग कळलं की दोघांत एकच दोष, एकाच आजोबांकडनं आलेला, पोराच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी आला. पोराला आता मुंबईला नेतात, औषधं चालू हायत, मध्ये मध्ये मशीनवर रक्त गाळून घ्यावं लागतं. फुटबॉल खेळायचं लई वेड होतं त्याला, आता गोलपोस्टच्या मागं बसून स्कोअर लिहितो.

मामाची पोरगी केली म्हणून पाप केलं असं मी म्हणत नाही, आमच्या चार पिढ्या तशाच झाल्या. पण सोयरीक जमवताना आम्ही पत्रिका बघतो, देवक बघतो, जमीन बघतो, आणि दोन्हीकडचं मिळून कोण कशानं गेलं हे विचारायचं म्हटलं तर लोक म्हणतात तोंडात अभद्र.

ओपीडीवाला

पंचगंगा, हे लिहायला धीर लागतो. थोडी माहिती जोडतो, बाकीच्यांच्या उपयोगाची.

या खुंटीच्या जनुकाची एकच दोषी प्रत असलेली माणसं अंदाजे अडीचशेत एक, म्हणजे मोठ्या लग्नाच्या पंगतीत दोन-तीन जण निघतील. एलडीएल १९०च्या वर दिसलं तर 'तेलकट कमी करा' म्हणून सोडायचं नाही, हा प्रकार आहे का ते बघायचं. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला तो दोष मिळायची शक्यता निम्मी. आई आणि बाप दोघांनाही असेल तर चारात एका मुलाला दोन्ही प्रती दोषी मिळतात, त्यांच्यात लहानपणीच गाठी येतात आणि उपचार नसतील तर विशीच्या आत ॲटॅक येऊ शकतो. मामे-आते भावंडांत आजी-आजोबा तेच असल्यामुळे दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते, एवढाच त्यातला संबंध.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळे चट्टे किंवा पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा दिसली तरी एकदा कोलेस्टेरॉल बघा. आणि घरात एक सापडला की सगळ्या सख्ख्या नात्यांचं तपासायचं, पोरांचंसुद्धा. एक प्रत असलेल्यांना वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर ती माणसं इतरांसारखीच म्हातारी होतात. तुमच्या चुलतभावाने आणि वहिनींनी स्वतःच्या गोळ्या सुरू केल्यात ना? पोराच्या धावपळीत आई-बाप स्वतःचं विसरतात.

पंचगंगा

भावानं केल्यात. वहिनी म्हणते पोराचं बघू द्या आधी. आज परत बोलतो.

बे_एरियातला_बाळ्या

इकडे अमेरिकेत २०१८च्या गाईडलाईनमध्ये दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारी गोष्ट म्हणून लिहिलाय. आमच्या लोकांवर इथे एक मोठा अभ्यास चालतो त्याचं नाव काय असावं, मसाला! खरंच, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलंय, सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोकडचे आपले लोक घेऊन.

माझं वय ४१, मॅरेथॉन पळतो, व्हेज. वडिलांना ५०ला बायपास. माझा गैरसमज असा होता की मी पळतो म्हणजे मी वडिलांच्या रांगेतनं बाहेर पडलो. मागच्या वर्षी कॅल्शियम स्कोअरचं स्कॅन केलं (हार्टच्या नळ्यांत किती कॅल्शियम साचलंय ते बघतात), या वयात शून्य यायला पाहिजे, माझा ८६ आला. रिपोर्ट पार्किंगमध्ये बसून उघडला आणि अर्धा तास गाडी सुरू करता आली नाही. मग लक्षात आलं व्हेज म्हणजे मी काय खात होतो, सकाळी दोन टोस्ट, दुपारी भात, संध्याकाळी फरसाण, रात्री पोळ्या, वीकेंडला पॉटलकमध्ये पनीर आणि गुलाबजाम. प्रोटीन नावाला. ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. आता स्टॅटिन चालू आहे, फरसाण बंद, घरी डाळ घट्ट होते. पळणं चालूच, फक्त त्यातली मिजास गेली.

ओपीडीवाला

बाळ्या, तुमचं ते ट्रायग्लिसराईड जास्त, एचडीएल कमी म्हणजे अस्सल आपल्याकडचा नमुना.

यावर आमच्या पुण्याचीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! २००४ मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आला. दिसायला दोघंही सडपातळ. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली तेव्हा तिथेही हेच दिसलं, वजन इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली. म्हणजे काटकुळ्या अंगात लपलेली चरबी आपण जन्मतःच घेऊन येतो, ती आईच्या पोटात असतानाच्या पोषणावरही ठरते, नुसत्या जनुकावर नाही. आता याला वारसा म्हणायचं का परिस्थिती, मला तरी सांगता येत नाही.

म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर नको. टेप नसेल तर करगोटा कितव्यांदा सैल करून बांधलाय ते आठवा.

माणदेशी

१०१. मटणाचा रविवार आता महिन्यातनं एक, शपथ.

कोकणी_कोळंबी

अवांतर आहे पण मिठाचा कुणी विषय काढला नाही म्हणून. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा मीठ, सगळं धरून. आमच्याकडे पावसाळ्यात सुकट, खारवलेले बांगडे, वर लोणचं आणि सोलकढीत वेगळं मीठ. बाबांचं बीपी दर जुलैला वाढायचं आणि आम्ही हवेला दोष द्यायचो.

सायलेंट_वाचक

मला मध्येच एक शंका. लायपोप्रोटीन ए जर औषधाने कमी होत नाही तर टेस्ट करून नुसती झोप का उडवायची?

ओपीडीवाला

रास्त शंका. स्टॅटिनने हा आकडा खाली येत नाही हे खरं. खास यासाठीच्या इंजेक्शनांच्या मोठ्या चाचण्या झाल्यात-चालू आहेत, पण आज मी त्याच्या भरवशावर कुणाला थांबवणार नाही. टेस्टचा उपयोग असा की हा एक दगड हलत नाही म्हटल्यावर बाकीचे सगळे दगड लवकर आणि जास्त लांब हलवायचे. दुसऱ्याला एलडीएल १२८ चालून जाईल, उंबरठांच्या दादांना आता ७०च्याही बराच खाली पाहिजे. बीपी, शुगर यांनाही तेवढीच कडक शिस्त. घोरणं असेल तर तेही तपासायचं. उंबरठा स्वतः ९७वाले आहेत, त्यांच्या डॉक्टरांनी गोळीचा विचार आत्ताच करावा, ॲटॅकची वाट न बघता.

आणि विडी-सिगारेट सोडली तर एका वर्षात हार्टचा जादाचा धोका साधारण निम्मा होतो. एवढ्या लवकर, एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारं माझ्या कपाटात दुसरं औषध नाही.

एक राहिलं. छातीत, जबड्यात, खांद्यात, पाठीत न समजणारं दुखणं आणि गार घाम असेल तर बाम, ओवा, सोडा काही नाही, १०८ला फोन. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. आणि ईसीजी काढल्याशिवाय ॲसिडिटी हा शब्द कुणाकडूनच ऐकून घ्यायचा नाही, माझ्याकडूनसुद्धा.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण रविवारी आईला घेऊन बसलो होतो.

नाण्याचं सांगितलं तिला, छापा-काटा. ती म्हणाली मग माझ्याकडे कुठून आलं? तेव्हा म्हटलं चल लिहून काढू. भाचीच्या ड्रॉईंगच्या वहीचं पान घेतलं, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, अचानक गेलेल्यांना तिरकी रेघ. आई बोलत होती, ताई लिहीत होती. आजोबा, त्यांच्या बहिणी दोन, एक बाळंतपणात गेली, एक 'पाट्यावर वाटता वाटता' गेली, वय चाळीसच्या आसपास असेल. रेघ. मामाला रेघ. त्याला मुलगे दोन, मुलगी एक. धाकटा मामेभाऊ ३७चा आहे, ट्रान्सपोर्टचा धंदा, दिवसाला पुडीवर पुडी चालू. आईनेच त्याच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली ह्याला फोन लाव.

मामीने उचलला. मी विषय काढल्यावर आधी म्हणाली आता कशाला ते उकरायचं, वीस-पंचवीस वर्षं झाली. मग आईने फोन घेतला. अर्धा तास दोघी बोलत होत्या, मी बाहेर गॅलरीत गेलो.

वर जाता जाता आईच्या आजीपाशी अडलो, तिचं नाव आईला आठवेना. सगळे तिला थोरली म्हणायचे. गोल काढून नुसतं 'थोरली' लिहिलंय.

मामेभाऊ आणि त्याची बहीण शनिवारी पुण्याला येतायत, इथूनच टेस्ट करून घेऊ. आमच्याकडे हजाराच्या आसपास झाली होती. डॉक्टर, उपाशीपोटी आणायचं का त्यांना? बसचा प्रवास आहे सकाळचा.

ओपीडीवाला

लायपोप्रोटीन ए ला उपाशी राहायची गरज नाही. शुगर आणि ट्रायग्लिसराईडही त्याच वेळी करून घ्या म्हणजे दुसरी फेरी नको, त्यासाठी मात्र रात्री जेवून मग सकाळी फक्त पाणी. येताना डबा बरोबर घ्यायला सांगा, रक्त दिलं की खातील. आणि पुडी गाडीत बसायच्या आधीच काढून घ्या.

उंबरठा

पुडीचं आईने ठरवलंय, स्टँडवर ती स्वतः जाणार आहे.